वेळ कोणती टाकू, ताई?

ताई, काल निनादचा फोन आला. तुझा मुलगा फोनवर इकडचं तिकडचं बोलत नाही, सरळ मुद्द्यावर येतो. म्हणाला, "मामा, मम्मी की तिथी बता दो ना. पंडित जी पूछ रहे हैं, महीने वाला करना है." मी म्हटलं, सांगतो. "साइट तो आपकी ही है, दो मिनट का काम है," तो म्हणाला. मी पुन्हा म्हटलं, सांगतो, आणि फोन ठेवून दिला.

दोन मिनिटांचंच काम आहे. लखनौतल्या किती मराठी घरांना आपण तिथ्या काढून दिल्या, आणि तुझी काढायला बसलो की माझं घोडं अडतं. तारीख टाकतो, गाव टाकतो, आणि वेळेच्या रकान्यापाशी येऊन थांबतो. तो रकाना रिकामा ठेवला तर साइट पुढे जात नाही. जाऊ द्यायची नाही हा हट्ट माझाच. त्यावरून आपलं जे भांडण चाललं होतं, ते तू अर्ध्यावर टाकून निघून गेलीस. भांडण अर्ध्यावर टाकून उठणारी तू नव्हतीस. एरवी शेवटचा शब्द तुझा झाल्याशिवाय तू मला चहासुद्धा पिऊ द्यायची नाहीस.

तू गेल्यापासून सकाळ कधी संपते आणि दुपार कधी लागते ते मला कळत नाही. इकडे माझ्या विकास नगरात धुकं असं उतरलंय की समोरच्यांचं फाटक दिसत नाही. खिडकीतून बघून सात वाजलेत की अकरा, काही सांगता येत नाही. जेवतो, डोळा लागतो, जाग येते ती सकाळ समजूनच. वाटतं, आता तुझा फोन येईल. एकदा तर फोन हातात धरून बसून राहिलो. मग गल्लीत भाजीवाल्याची आरोळी आली, "मटर ले लो, नया आलू," आणि हळूहळू सगळं आपापल्या जागी आलं.

परवा स्वप्नात तू दिसलीस. तू बँकेत काउंटरमागे बसली होतीस, पण काउंटर होता महानगर कॉलनीतल्या तुझ्या गच्चीवर. रांगेत बाबा उभे होते, हातात टोकन घेऊन. रेल्वेतले कडक इंजिनिअर, आणि रांगेत कसे शहाण्यासारखे उभे. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही कशाला रांगेत, या ना आत." ते म्हणाले, "नको, येईल माझा नंबर." मी तुला सांगायला धावलो की अगं, ते बाबा आहेत. तू वर न बघताच म्हणालीस, "मला दिसतंय रे." एवढंच स्वप्न. जागा झालो तेव्हा मला फार बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं.

या साइटचं सगळं त्या गच्चीवरच सुरू झालं. तू रिटायर झालीस, भाऊजी आधीच गेलेले, निनाद इंदिरा नगरला वेगळा राहायला गेलेला. मी कंपनीतल्या कामाला विटलेला. रविवारी दुपारी उन्हात खाट टाकून तू मटार सोलायचीस आणि मी सोलायचो कमी, दाणे खायचो जास्त. तुझ्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्यावर दोन कॅलेंडरं होती. एक गावाकडून कुणी ना कुणी आणलेलं, दुसरं इथल्या मिठाईवाल्यानं दिलेलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका तुलाच फोन करायच्या, "अहो ताई, आमच्या सासऱ्यांची तिथी यंदा कधी येते?" तू दोन्ही कॅलेंडरं उतरवून, चष्मा लावून, बोटांवर मोजत हिशेब करायचीस. एका रविवारी असे लागोपाठ फोन आले आणि तू वैतागून मला म्हणालीस, "यार, तू एवढा कॉम्प्युटरवाला, हे तुझ्या मशीनला शिकव ना. माझा तरी पिच्छा सुटेल."

मला वाटलं, एका सुट्टीचं काम. तारीख घ्यायची, तिथी द्यायची. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते, एवढंच गणित. तू हसलीस. म्हणालीस, "गणित सोपंच असतं, माणसं अवघड असतात. आधी महिन्याचं बघ."

महिन्याचा घोळ मला ऐकून माहीत होता, पण तो आपल्याच घरात ठाण मांडून बसलाय हे माहीत नव्हतं. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, इथे पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचं पटतं, पण वद्य पक्षात आपला श्रावण चालू असतो तेव्हा इथल्यांचा भाद्रपद लागलेला असतो. होळी जळली की दुसऱ्या दिवशी शेजारी म्हणतात चैत आला, आणि आपण अजून फाल्गुनात. दिवस तोच, चंद्र तोच, नावं मात्र दोन.

पहिली चालती आवृत्ती तयार झाली तेव्हा मी तुला म्हटलं, एखादी तारीख दे, बघू. तू बाबांच्या जाण्याची तारीख दिलीस. आपल्याला उत्तर पाठ होतं, भाद्रपद वद्य दशमी. पितृपक्षातली. आई सगळ्यांना अभिमानानं सांगायची, पितृपक्षात गेले, पुण्यवान माणूस. आणि माझ्या प्रोग्रामनं काय दाखवलं, तर श्रावण वद्य दशमी. तू म्हणालीस, तुझा कोड चुकला. मी म्हटलं, बघतो. बघितलं, पुन्हा बघितलं, काही चुकलेलं सापडेना. तू तुझं सोडेनास, मी माझं. आठवडाभर आपण एकमेकांचं डोकं खाल्लं.

मग एका दुपारी तू सोलता सोलता थांबलीस. सोललेली शेंग तशीच हातात. म्हणालीस, "अच्छा, ऐक. आपण बाबांना घरी आणलं तेव्हा कॉलनीत झाँकी उभी होती ना?" आणि मलाही दिसलं. मंदिराच्या मैदानात जन्माष्टमीची झाँकी, कापसाचे डोंगर, आरशाची यमुना, पाळण्यातला कृष्ण. इथे छठीपर्यंत, म्हणजे सहाव्या दिवसापर्यंत, ती तशीच ठेवतात. आपली गाडी आत शिरली तसा कुणीतरी लाउडस्पीकर बंद केला आणि पोरं रांगेनं बाजूला उभी राहिली. जन्माष्टमीनंतरचा दुसरा दिवस. म्हणजे आपला श्रावणच. इथल्या पंडितजींनी "भादों बदी दशमी" सांगितलं, ते त्यांच्या हिशेबानं बरोबर होतं. आईनं ते भाद्रपद वद्य म्हणून आपल्या कॅलेंडरात शोधलं, आणि आपण बाबांचं वर्षानुवर्षं एक महिना उशिरा करत राहिलो. गावी साताऱ्यात राहिलो असतो तर ही चूक झाली नसती, आणि पुरते इथले झालो असतो तरी झाली नसती.

तू आधी खूप हसलीस. "पुण्यवान माणूस!" म्हणून हसलीस. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं की कसलं ते मला कळेना. मी म्हटलं, जाऊ दे ताई, इतकी वर्षं चाललंय, चालू दे. तू ऐकेनास. पुढच्या श्रावणात तू बाबांचं योग्य दिवशी केलंस, अळूची भाजी शोधायला अख्खं महानगर पालथं घातलंस, आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून चूक स्वतःच्या तोंडानं सांगितलीस. काकूनं गावाहून बोल लावले तेही मुकाट ऐकून घेतलेस.

तेव्हापासून मी तुला घाबरून होतो. मला वाटलं, ही बाई आता अचूकपणाच्या मागे लागणार. पण तुझं काही सांगता यायचं नाही.

साइटला नाव तू दिलंस, 'केव्हा'. म्हणालीस, लोक हेच तर विचारतात. बटणावर मी 'सबमिट' लिहिलं होतं, ते तू काढायला लावलंस आणि 'सांग' लिहायला लावलंस. सर्व्हरचं घड्याळ आपल्या वेळेवर नसतं, सगळ्या वेळा आधी ग्रीनिचच्या वेळेत बदलून ठेवायच्या आणि दाखवताना परत आपल्या करायच्या, हे मी तुला समजावलं. तू म्हणालीस, "म्हणजे आमच्या सासूबाईंना आधी इंग्लंडला पाठवायचं आणि मग परत बोलवायचं?" आपली वेळ त्यांच्यापुढे साडेपाच तास आहे, पाच नाही आणि सहाही नाही, हे ऐकून मात्र तू खूश झालीस. तो वरचा अर्धा तास तुला फार आवडला. गावाचा रकाना तू हट्टानं घ्यायला लावलास, कारण सूर्योदय गावागावाचा वेगळा. मग माझ्या शेजाऱ्यांनी 'विकास नगर' असं टाकलं आणि आपल्या साइटनं त्यांना उचलून पार डेहराडूनजवळच्या विकासनगरात नेऊन बसवलं. ते आठवडाभर मला गल्लीत अडवून विचारत होते, "क्यों साहब, पहाड़ पर ठंड कैसी है?"

आणि तुझ्या त्या टेस्ट केसेस. आमच्यात प्रोग्राम तपासायला खोट्या तारखा बनवतात. तू एकदाही खोटी तारीख दिली नाहीस. मी म्हणायचो, "दे केस," आणि तू डोळे मिटून, उन्हाकडे तोंड करून एकेक काढायचीस. आपण सामान घेऊन पहिल्यांदा चारबाग स्टेशनवर उतरलो तो दिवस. आईनं होळीला पुरणपोळ्या केल्या आणि शेजारच्या भाभी गुजिया घेऊन आल्या आणि दोघी एकमेकींच्या ताटाकडे संशयानं बघत बसल्या, तो दिवस. तुझा बँकेतला पहिला दिवस. निनाद शाळेतून येऊन पहिल्यांदा हिंदीत भांडला, तो दिवस. मशीन तिथी सांगायची आणि तू म्हणायचीस, "हां, बरोबर, चांदणं होतं." कधी म्हणायचीस, "नाही रे, त्या रात्री मिट्ट काळोख होता, बघ पुन्हा." आणि बघितलं की खरंच माझंच काही चुकलेलं निघायचं. अशा कितीतरी दुपारी आपण काम केलं की नुसते आपल्याच आयुष्यातून भटकून आलो, ते आता मला वेगळं करून सांगता येत नाही. ऊन सरकायचं, आपण खाट सरकवायचो, एवढीच काय ती घड्याळाची जाणीव.

मग ते विकास नगरच्या बाईंचं पत्र आलं, साइटवरूनच. म्हातारी असावी, नातवाकडून लिहून घेतलं होतं. 'आमचे यजमान झोपेत गेले. वेळ विचारता ती मी कुठून आणू?' मी उत्तर पाठवलं, अंदाजे वेळ टाका. तुला दाखवलं तर तू भडकलीस.

"अंदाजे म्हणजे खोटी," तू म्हणालीस.

"अगं, त्या दिवशी मधेच तिथी बदलली असेल तर वेळ हवीच ना. नाहीतर उत्तर दोन येतील."

"येऊ देत की दोन."

"ताई, साइटनं एक उत्तर द्यायचं असतं. दोन उत्तरं द्यायला कॉम्प्युटर कशाला हवा?"

"बँकेत अर्धी यूपी एक जुलैला जन्मलेली होती, माहितीये तुला? शाळेत घालताना मास्तर टाकायचे ती तारीख. रकाना रिकामा चालत नाही ना, म्हणून. मी म्हाताऱ्यांना विचारायची, बाबा, आप सच में कब पैदा हुए? ते लाजून हसायचे. सगळं आयुष्य एक बनवलेली तारीख घेऊन फिरले बिचारे. आता मेल्यावरही आपण बनवूनच घ्यायचं?"

मी म्हटलं, "बाबांच्या महिन्याला एवढी कडक होतीस आणि वेळेला इतकी ढिली?"

तू म्हणालीस, "महिना चुकला तो आपल्या अर्धवटपणानं. वेळ कळली नाही त्यात त्या बाईचा काय दोष? ते एक चौकोन टाक खाली, 'वेळ माहीत नाही'. लोकांना खरं बोलायला जागा ठेव."

मी टाकला नाही. आठवडे गेले. तू फोन केलास की शेवटी विचारायचीस, "चौकोन?" मी म्हणायचो, बघतो. शेवटच्या फोनवर तू विचारलंससुद्धा नाहीस. नुसतं म्हणालीस, "राहू दे, तुला पटेल तेव्हा कर." तुझा हा आवाज मला चांगला माहीत होता. म्हणून त्या रविवारी मी यायचं ठरवलं.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना मी एवढंच सांगितलं की गेलो, तर ताई गेलेली होती.

त्या दिवशी दुपारी धुकं फाटून झकास ऊन पडलं होतं. वाटेत कपूरथला चौकातून मी तिळाची गजक घेतली, भांडण मिटवायला मोकळ्या हातानं कसं यायचं. खालचं दार नुसतं लोटलेलं. वर आलो तर तू खाटेवर कुशीवर झोपलेली, शाल खांद्यापर्यंत, हात गालाखाली. परातीत अर्धे मटार सोललेले. मी हाक मारली नाही. तुझी झोप आधीच कमी, लागलीय तर लागू दे म्हटलं. खुर्ची सावलीत ओढली, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि लॅपटॉप उघडून बसलो.

ताई, किती छान दुपार होती ती. कुणाच्या तरी गच्चीवरून पतंग उडत होता. तुझ्या कुंड्यांतल्या शेवंतीवर माश्या गुणगुणत होत्या. मी परातीतले मटार खात होतो, तू ओरडायला उठणार नाहीस म्हणून बिनधास्त. आणि तुझ्याशी बोलतही होतो, हळू आवाजात. म्हटलं, समज, तुझा चौकोन टाकला, आणि दोन तिथ्या दाखवल्या, तर लोकांनी करायचं काय? तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, झोपेतसुद्धा अबोला धरलाय. मी आपला हसलो आणि पुढचं बोलत राहिलो. गेल्या कित्येक वर्षांत मी तुझ्याशी इतकं सलग बोललो नसेन. मधे कुणी अडवतच नव्हतं.

मग ऊन खाटेवरून उतरलं. थंडी वाजेल म्हणून मी उठलो. "ऊठ, चहा टाकतो," म्हणून तुझ्या खांद्याला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं. कधी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. कागदावर त्यांनी एक वेळ लिहिली, ती ते आले तेव्हाची. नंतर मी पंचांग पाहिलं. त्या दुपारी चौथ संपून पंचमी लागली, आणि लागली ती नेमकी मी तिथे बसलो होतो तेव्हा. मी जिना चढून वर आलो तेव्हा चौथ होती. तुझ्या खांद्याला हात लावला तेव्हा पंचमी. मधल्या वेळात तू कधी गेलीस, की मी यायच्या आधीच गेली होतीस? मी तुला विचारत होतो तेव्हा तू ऐकत होतीस का? हे मला कुठलंच मशीन सांगणार नाही.

सगळे म्हणतात, डॉक्टरांची वेळ टाक आणि मोकळा हो. पंडितजीही तेच म्हणाले. टाकली तर एक तिथी येते, स्वच्छ, नीट. मीच त्या बाईंना लिहिलं होतं, अंदाजे टाका. आणि आता माझं बोट वळत नाही. ती वेळ टाकली की मी शेजारी बसलो होतो ती सगळी दुपार पुसली जाते. कागदावर तू एकटी उरतेस. तेरवीला बायका तेच तर म्हणत होत्या, एकटीच होती हो बिचारी. आणि निनाद खाली मान घालून पत्रावळी उचलत होता. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, पण मी वाढायला घेतलं. वाटलं, पोरगा विचारेल, मामा, तुम्ही शेजारी होतात आणि तुम्हाला कळलं नाही? त्याला मी काय सांगणार होतो?

आज सकाळी मी तो चौकोन टाकला. तुझं पटलं म्हणून टाकला असं समजू नकोस. साइटनं एकच उत्तर द्यावं हे मी अजूनही म्हणतो, आणि समोर असतीस तर आणखी तासभर म्हटलं असतं. पण खरं बोलायला मला स्वतःला जागा हवी होती, आणि ती माझ्याच साइटवर नव्हती. काम इतकं थोडं होतं की चहा निवायच्या आत झालं. त्याचाच जास्त राग आला. एवढ्याशा कामासाठी तुला मी किती टोलवलं.

तपासायला केस हवी होती. सवयीनं मी "दे केस" म्हणालो, मोठ्यानं. मग तुझीच तारीख टाकली. गाव लखनौ. वेळेचा रकाना रिकामा ठेवला, खाली खूण केली, आणि 'सांग' दाबलं.

दोन ओळी आल्या. पौष शुद्ध चतुर्थी. पौष शुद्ध पंचमी. निदान शुद्ध पक्षात गेलीस, महिन्याचा घोळ तरी मागे ठेवला नाहीस. खाली पुढच्या महिन्याचे दोन दिवस. माघातली चौथ म्हणजे गणेश जयंती, आईचा सगळ्यांत लाडका दिवस. आणि पंचमी म्हणजे इथली वसंत पंचमी, कॉलनीभर पिवळे कपडे आणि केशरी भात. दोन उत्तरं समोर असताना मला एकदाही असं वाटलं नाही की उत्तर मिळालं नाही.

मग निनादला फोन लावला.

"निनाद, तिथी दोन येतायत."

"दो कैसे, मामा?"

"ती नेमकी कधी गेली ते माहीत नाही, म्हणून. चौथ की पंचमी." आणि मग मी सांगून टाकलं. मी आलो तेव्हा ती झोपली होती, मी उठवलं नाही, ऊन उतरेपर्यंत शेजारी बसून होतो, तिच्याशी बोलत होतो, मटार खात होतो. ती होती की नव्हती, मला कळलं नाही. एका दमात सांगितलं आणि कान फोनला लावून उभा राहिलो.



"मतलब आप पूरे टाइम वहीं थे?" त्यानं विचारलं.

"हो रे."

"और बात भी कर रहे थे?"

"हो."

"तो मम्मी अकेली नहीं थीं," तो म्हणाला, आणि रडायला लागला. स्मशानात नाही, तेरवीला नाही, आज पहिल्यांदा. मीही आवरलं नाही. दोन गडी माणसं फोनवर मनसोक्त रडलो, आणि कुणी कुणाला पुरे म्हटलं नाही.

शेवटी तोच नाक ओढत म्हणाला, "तो मामा, दोनों दिन कर लेते हैं. पंडित जी को मैं समझा लूँगा. मम्मी की बात वैसे भी एक दिन में कहाँ ख़त्म होती थी."

तेव्हा ठरलं, ताई. चौथीला पान माझ्याकडे, पंचमीला निनादकडे. ये. वेळ तुझी तू बघ.